आईच्या केमोसाठी नॅबिलोन मागायला गेलो तेव्हा

दुसऱ्या केमोनंतर तिसऱ्या दिवशीही आईच्या पोटात पेज टिकेना. शेजारी बांगडा तळला की खिडक्या लावून घ्यायला सांगायची. "माका नको आता ता लाल सलाईन," म्हणाली, तेव्हा मी खरा घाबरलो.

टोरांटोची मामेबहीण फोनवर म्हणाली, "दादा, इथे नॅबिलोन देतात. मे महिन्यात मालवणला येतेच आहे, बॅगेतून आणू?" नॅबिलोन म्हणजे गांज्यात नशा आणणाऱ्या टीएचसी या द्रव्यासारखं, पण प्रयोगशाळेत बनवलेलं औषध. ड्रोनॅबिनॉल हे दुसरं, ते तर कृत्रिम टीएचसीच. अमेरिकेने दोन्हींना केमोच्या उलट्यांसाठी १९८५ साली मान्यता दिली. त्याच वर्षी आपल्याकडे एनडीपीएस, म्हणजे अमली पदार्थांचा कायदा आला आणि टीएचसी त्याच्या यादीत गेलं.

बहिणीला म्हटलं, थांब. घरच्या रुग्णासाठी परदेशी औषध थोडं मागवायचं तर डॉक्टरांची चिठ्ठी जोडून फॉर्म १२ए भरायचा आणि १२बी हा परवाना मिळवायचा, एवढं शोधून काढलं होतं. फाइल घेऊन कोल्हापूर गाठलं. डॉक्टरांपुढे गांज्याचं नाव काढायचं कसं, या विचारात गगनबावड्याचा घाट कधी सरला कळलं नाही. औषधाबद्दल विचारायलाही माणसाला लाज वाटावी, हे मला आजही बरं वाटत नाही.

डॉक्टर रागावले नाहीत. "बॅगेतून मुळीच नको. ड्रोनॅबिनॉल असतं तर थेट एनडीपीएसमध्ये अडकला असता. आणि नॅबिलोन पहिल्या फळीतलं नव्हे, बाकीची औषधं लागू पडली नाहीत तरच देतात. या वयात चक्कर येईल, रक्तदाब उतरेल, भासही होतील. मला सांगा, उलटी नेमकी कधी होते?"

मला सांगता येईना. सारखी होते, एवढंच माहीत. मग तारीख-वेळ आठवून कागदावर मांडली, तर पहिला दिवस जवळजवळ कोरा. त्रास दुसऱ्या दिवसापासून. या उशिराच्या उलट्यांवर ऑन्डान्सेट्रॉन हे उलटीचं नेहमीचं औषध फारसं चालत नाही, म्हणून त्यांनी रात्री ओलॅन्झापिन सुरू केलं. गावातला औषधवाला दचकला, "ही मानसिक आजाराची गोळी आहे हो!" आहेच, पण मेंदूतल्या ज्या संकेतांनी मळमळ उठते, त्यातले बरेच ती अडवते.

तिसऱ्या केमोला उलट्या थांबल्या, पण आई दिवसभर पेंगत होती. चौथ्याला डॉक्टरांनी ओलॅन्झापिनचे ५चे अडीच मिलिग्रॅम केले. त्या खेपेच्या तिसऱ्या दिवशी वहीत एकच ओळ आहे: सकाळी पेज, टिकली.