तुम्ही विचारलंत म्हणून: माझे वडील, अण्णा, युद्धाचं काय सांगायचे?

काही नाही. काहीच सांगायचे नाहीत. हे उत्तर मी रामकुंडावर दहाव्यालासुद्धा दिलं होतं, पण कुणाचंच समाधान होत नाही. २६ सप्टेंबर २०२५ ला चंदीगडला मिग-२१ लढाऊ विमान निवृत्त झालं, त्या संध्याकाळी ओझरच्या जुन्या शेजाऱ्यांचे परत फोन. एवढी वर्षं मिग बनवणाऱ्या ओझरच्या एचएएल कारखान्यात, त्याआधी एकाहत्तरची लढाई, काहीतरी बोलले असतीलच ना!

बोलले. एकदा. मी तेरा वर्षांची होते आणि शाळेत विजय दिनाला बोलवायला बाईंना माजी सैनिक हवा होता. मीच हात वर केला.

अण्णा इस्त्रीचा सदरा घालून आले. फळ्यावर त्यांनी कप्पी काढली. पश्चिम सीमेवर शकरगडच्या बाजूला, बसंतर नदीच्या चिखलात पन्नास टनी सेंच्युरियन रणगाडा रुतला की रिकव्हरी गाडीच्या दोर गुंडाळणाऱ्या विंचची ताकद पुरत नाही. मग रुतलेल्या रणगाड्याला कप्पी अडकवायची, दोर तिच्यातून फिरवून टोक परत आपल्याच गाडीला बांधायचं. ओढ निम्मी लागते, दोर मात्र दुप्पट गुंडाळावा लागतो. वीस मिनिटं हेच. मागच्या बाकावरून एकानं विचारलं, "काका, तुम्ही किती मारले?"

"एकही नाही. माझं काम गाडी बाहेर काढायचं."

वर्ग हसला. मोठ्यानं नाही, पण मला ऐकू आलं.

परतताना चेतकवर मागे बसून मी म्हणाले, "अण्णा, दुसऱ्या कुणाच्या वडिलांना बोलवायला हवं होतं." त्यांनी आडगाव नाक्यावर स्कूटर थांबवली. मला वाटलं, आता ओरडतील. शेंगदाण्याची पुडी घेतली, माझ्या हातात दिली आणि म्हणाले, "बाईंना सांग, आमच्याकडे सोळाला नाही थांबलं. सतराला रात्री आठला."

मी मनात म्हटलं, यांना तारखेचं पडलंय. बाईंना सांगितलं नाही.

तेरा वर्षांच्या मुलीला काय कळणार, असं तुम्ही म्हणाल. मीही बरीच वर्षं तेच म्हणत आले. पण पंचविसाव्या वर्षी तर कळायला हवं होतं? ढाक्याची शरणागती १६ डिसेंबरची, पश्चिमेकडचा युद्धविराम १७ ला रात्री आठचा, हे मी पुस्तकात वाचलं तेव्हा अण्णा शेजारच्या खोलीत मिक्सर उघडून बसले होते. मधल्या त्या एका दिवसात काय झालं, हे उठून विचारायला दहा पावलं लागली असती. मी पान उलटलं. का, ते आजही मला नीट सांगता येत नाही. ते गप्प राहायचे म्हणून मी विचारलं नाही, असं मी सगळ्यांना सांगते. खरं तर, त्या दिवसानंतर त्यांनी माझ्यापुढे युद्धाचा विषयच काढला नाही, आणि मला ते बरंच वाटत होतं.

वर्तमानपत्रातल्या निधनवार्तेत भावानं 'माजी सैनिक, अभियंता, कुटुंबवत्सल' असं दिलं. आई वाचून म्हणाली, "वत्सल कसले! आधी सीमेवर, मग एएमआयईच्या पुस्तकांत." रात्री स्वयंपाकघरातल्या दिव्याखाली अभ्यास करून ते इंजिनिअर झाले, आम्हाला पाय न वाजवता चालायची सवय तेव्हाचीच. पण आईचंही सगळं खरं मानू नका. माझ्या सायकलची चेन शाळा सुटेपर्यंत कधी घसरली नाही, कारण कुणीतरी पहाटे उठून तिला तेल घालत होतं. हे मी तेव्हा धरलंच नव्हतं. आता धरते, तर उगाच हिशेब जुळवल्यासारखं वाटतं.

तेव्हा पुढच्या वेळी भेटलात तर युद्धाचं नका विचारू. कप्पीचं विचारा. तेवढं मला येतं.