बेल्ट नवा, टेन्शनर नवा, तरी चिवचिव

दोन आठवडे झाले पण ही गाडी डोक्यातून जात नाही म्हणून लिहून काढतोय.

छोटी डिझेल गाडी, चार सिलिंडर. मालकीणबाई आल्या त्याच बेल्टच्या चिवचिवीने वैतागून. आधी तीन गॅरेज झाले होते, दोनदा बेल्ट (इंजिनच्या जोरावर अल्टरनेटर, वॉटर पंप वगैरे फिरवणारा पट्टा) बदलला, एकदा टेन्शनर (बेल्ट ताणून धरणारा), एकदा आयडलर (बेल्टला वाट देणारं मोकळं चाक), आणि प्रत्येक वेळी काही महिने शांत की परत तेच. शेवटच्या ठिकाणी तर बेल्टवर चिकट स्प्रे मारून दिलेला. हा स्प्रे म्हणजे आमच्या धंद्यातला सगळ्यात अप्रामाणिक डबा आहे, आवाज चार दिवस दबतो आणि मग त्या चिकट्यावर धूळ बसून बेल्ट आणखी खराब होतो.

मी विचारलं ताई आवाज नेमका कधी येतो? त्यांनी जे सांगितलं ते मी शब्द न शब्द लिहून घेतलं. सकाळी पहिल्या स्टार्टला, गाडी उभी असताना, चिव चिव चिव असा तुटक, जरा रेस दिली की बंद, दुपारी नाही, पण एसी लावून सिग्नलला थांबलं की कधीकधी. इतकं स्वच्छ वर्णन मला वर्षात दोनतीनदा मिळतं. आधीच्या कोणीच हे विचारलं नव्हतं, एकाने तर डिझेल आहे, आवाज करणारच असं सांगून परत पाठवलेलं. याचा मला खरंच राग येतो. गाडी रोज चालवणाऱ्या माणसाचा कान हे आपल्याकडचं पहिलं हत्यार आहे.

गाडी रात्रभर ठेवून घेतली आणि सकाळी थंड इंजिन चालू केलं. आली चिवचिव. बेल्टच्या खाचांच्या बाजूला साध्या पाण्याचे दोन फवारे मारले. पाण्याने आवाज वाढला तर बेल्ट घसरतोय, ताण कमी आहे. क्षणभर जाऊन परत आला तर कुठलीतरी पुली, म्हणजे बेल्टचं चाक, लाईनमध्ये नाही. इथे गेला आणि परत आला. म्हटलं झालं, पुली वाकडी. इंजिन बंद करून सरळ पट्टी लावली, एकेक पुली तपासली, सगळ्या लाईनमध्ये! बेल्ट काढून आयडलर, वॉटर पंप हाताने फिरवले, बेअरिंग गुळगुळीत. बेल्टच्या खाचाही चांगल्या. (हल्लीच्या बेल्टला सहसा चिरा पडत नाहीत, ते टायरसारखे झिजतात, त्यामुळे नुसतं बघून चांगला म्हणू नका, खाचांची झीज मोजणारं गेज लावा.)

बेल्ट परत चढवून इंजिन चालू केलं आणि यावेळी काहीच न करता नुसतं बघत बसलो. टेन्शनरचा दांडा नाचत होता. जरासं थरथरणं चालतं, पण हा बोटभर मागेपुढे जात होता आणि नीट बघितलं तर जाताना पुली किंचित तिरकी होत होती. टेन्शनरच्या आतला बुश (दांडा ज्यावर हलतो ती बाही) खाल्ला गेलेला. म्हणून बंद इंजिनवर सगळं सरळ आणि चालू इंजिनवर वाकडं, पाण्याने खरं सांगितलं होतं, मी पट्टी चुकीच्या वेळी लावली होती.

टेन्शनर मागवायला फोन हातात घेतला होता. तेवढ्यात आठवलं की हा टेन्शनर तर सात महिन्यांपूर्वीचाच आहे. मग याला खाल्लं कोणी?

क्रँक, म्हणजे बेल्टला फिरवणारा इंजिनचा मुख्य दांडा, एकसारखा फिरत नाही. चार सिलिंडरला प्रत्येक फेऱ्यात इंधन पेटल्याचे दोन धक्के बसतात, धक्क्याला पळतो, मधे मंदावतो, आणि डिझेलमध्ये थंड आयडलला (रेस न देता चालू इंजिन) हे जास्तच. बॅटरी भरणाऱ्या अल्टरनेटरचा रोटर, म्हणजे आतला फिरणारा भाग, जड, वर क्रँकच्या दुपटीपेक्षा जास्त वेगाने फिरणारा, तो असा मंदावायला तयार नसतो, मग बेल्टला हिसके बसतात आणि ते टेन्शनर झेलतो. म्हणून या गाडीत अल्टरनेटरला एकाच बाजूने पकडणारी क्लचची पुली असते, क्रँक मंदावला की रोटर आपला मोकळा पुढे पळतो. सकाळी स्टार्टनंतर बॅटरी भरायची असते, अल्टरनेटरवर लोड जास्त, म्हणून आवाज मुख्यतः तेव्हा.

पुलीचं झाकण काढलं, आतला रोटर धरून पुली फिरवली. दोन्ही बाजूंनी घट्ट. क्लच जाम झालाय म्हणून उघडलं तर क्लच नव्हताच, साधी भरीव पुली! ताईंना विचारलं तर दोन वर्षांपूर्वी अल्टरनेटर दुरुस्त करून घेतला होता. चार्जिंग होतंय ना, मग झालं, असा विचार करून कोणीतरी हाताला लागली ती पुली बसवली, आणि मग त्या एका पुलीने दोन बेल्ट, एक आयडलर आणि दोन टेन्शनर खाल्ले.

योग्य पुली, टेन्शनर आणि बेल्ट बसवला. दुसऱ्या दिवशी थंड स्टार्टला दांडा जवळजवळ स्थिर. पण मला अजून हेच टोचतंय की मी त्या फोनवर नुसता टेन्शनर मागवला असता तर आवाज त्या दिवशी गेलाच असता, ताई खूश होऊन गेल्या असत्या, आणि मी चौथा ठरलो असतो.

गाडी न्यायला आल्या तेव्हा त्यांनी स्वतः चालू करून ऐकली, मग बंद केली आणि लगेच म्हणाल्या, "दादा, बंद केल्यावर सेकंदभर काहीतरी फिरतंय, हे आधी नव्हतं." मी म्हटलं ताई, तो रोटर आहे, आता तो मोकळा फिरतोय.