पाठीवरच्या पट्ट्या आणि गाजर गवत

दोन वर्षं माझ्या पापण्या, मान आणि कोपरांच्या खाचा खाजत होत्या. पावसाळा लागला की भडकायचं, थंडीत जरा बसायचं. पथ्य म्हणून आधी वांगं बंद झालं, मग अंडी, मग दही. एका लॅबमध्ये महागडी रक्ततपासणी केली. तिच्यात हरभरा किंचित वर निघाला म्हणून रविवारचे तर्री पोहेही सुटले. नागपूरच्या माणसाला हे किती जड जातं, ते नागपूरकरच जाणोत. खाज होती तिथेच होती. मेडिकलवाल्याने दिलेली स्टिरॉइडची ट्यूब मात्र मी चेहऱ्याला इतकी लावली, की पापण्यांची कातडी कागदासारखी पातळ झाली. ही चूक कृपा करून कोणी करू नका.

शेवटी ज्या त्वचारोगतज्ज्ञ मॅडमकडे गेलो, त्यांनी रिपोर्ट बाजूला ठेवला. म्हणाल्या, "यात आयजीई हे ॲलर्जीचं प्रतिपिंड मोजलंय. त्याने अंगावर गांधी उठतात, त्याही काही मिनिटांत. तुमचं दुखणं टी पेशींचं, म्हणजे शरीराचं रक्षण करणाऱ्या एका जातीच्या पांढऱ्या पेशींचं दिसतंय. त्यांना चिडायला दोन-तीन दिवस लागतात." मी तर दर वेळी आदल्या रात्रीच्या जेवणात गुन्हेगार शोधत होतो!

संशयित पदार्थ पाठीवर चिकटवून बघायची पॅच टेस्ट त्यांनी दिवाळीनंतर ठेवली, कारण घामाने पट्ट्या सुटतात. सोमवारी पाठीवर चिकटपट्टीवरच्या छोट्या वाट्यांतून निकेल, सिमेंटमधलं क्रोमियम, केसांच्या कलपातलं रसायन, गाजर गवताचा अर्क असं बरंच काही लावलं आणि शेजारी पेनाने नंबर घातले. पाठीला पाणी लागू द्यायचं नाही, वजन उचलायचं नाही. मंगळवारी रात्री डाव्या खांद्याखाली एकाच जागी अशी खाज सुटली, की मी उशी दातात धरून पडलो.

बुधवारी पट्ट्या निघाल्या तेव्हा दोन जागा लाल होत्या. शुक्रवारी पुन्हा बघितलं. निकेलची लाली उतरली होती, म्हणजे ती नुसती चुरचुर होती. अकरा नंबर मात्र फुगून टणक झाला होता, वर मोहरीएवढे फोड. अकरा म्हणजे गाजर गवत.

या गवतातलं पार्थेनिन नावाचं रसायन त्वचेतल्या प्रथिनांना चिकटतं. त्वचेतल्या पहारेकरी पेशी ते जवळच्या लसीका ग्रंथीत नेऊन टी पेशींना ओळखायला शिकवतात. एकदा शिकलेल्या त्या पेशी वर्षानुवर्षं विसरत नाहीत. गवताला हात लावायचीही गरज नसते, वाळलेल्या झाडाची धूळ उडून आली तरी पुरे. म्हणून पापण्या, म्हणून मान.

आमच्या लेआउटमधले रिकामे प्लॉट ऑगस्टात या पांढऱ्या फुलांनी भरून जातात. आता जूनअखेर, फुलं यायच्या आत, गल्लीतली पोरं हातमोजे घालून ते मुळासकट उपटतात. मी खिडकी लावून आतून बघतो. कपडे घरातच वाळतात. पापण्यांना टॅक्रोलिमसचं, म्हणजे स्टिरॉइड नसलेलं, मलम आहे. आणि रविवारी तर्री पोहे परत सुरू झालेत.