मागितलेली किंमत आणि मिळालेली किंमत : आमची वाटचाल

जुन्या स्पोर्ट्स कारच्या आमच्या पेढीची सुरुवात १९९२ साली झाली आणि तो काळ किती प्रतिकूल होता, हे या व्यवसायातल्या जुन्या मंडळींना वेगळे सांगायला नको. ऑगस्ट १९८८ मध्ये फेरारी कंपनीचे संस्थापक एन्झो फेरारी गेले आणि त्यानंतर फेरारीच्या भावांनी अशी उसळी घेतली, की ज्यांनी आयुष्यात कधी बॉनेट उघडले नव्हते अशांनीही कर्ज काढून गाड्या घेतल्या. १९९० नंतर मंदी आली, तशी तीच माणसे मिळेल त्या किमतीला गाड्या सोडू लागली. जॅग्वार एक्सजे२२० साठी तेजीच्या भरात आगाऊ रकमा भरलेले काही ग्राहक तर करारातून सुटण्यासाठी न्यायालयापर्यंत गेले. १९८८ मध्ये दाखवलेल्या गाडीत बारा सिलिंडरचे व्ही-१२ इंजिन होते आणि प्रत्यक्षात हाती आलेल्या गाडीत दोन टर्बोंचे सहा सिलिंडरचे व्ही-६, ही त्यांची तक्रार खरी होती. पण भाव टिकून राहिले असते तर ती तक्रार कोणी इतकी लावून धरली असती असे मला वाटत नाही. अशा वेळी आम्ही दोघांनी जुन्या स्पोर्ट्स कारची तपासणी, मूल्यांकन आणि मालकाच्या वतीने विक्री असा व्यवसाय मांडला.

कागदपत्रे माझ्याकडे होती आणि इंजिने माझ्या भागीदारांकडे. ते वयाने माझ्यापेक्षा मोठे, बोलायला अत्यंत कमी, आणि कोणत्याही गाडीला हात लावण्यापूर्वी तिच्याभोवती शांतपणे फेरी मारून दाराच्या फटी पाहणारे. आजही आमचा नवा सहकारी पहिले काही महिने फक्त फटी पाहायला शिकतो. दार, बॉनेट आणि मडगार्ड यांच्यामधली फट एका बाजूला अरुंद आणि दुसऱ्या बाजूला रुंद असेल, तर गाडीच्या सांगाड्याला कधीतरी मार बसलेला आहे असे धरून पुढच्या तपासणीला लागायचे, हा त्यांचा नियम होता.

त्यांच्या हत्यारांविषयी थोडे सविस्तर लिहिले पाहिजे, कारण आमची प्रतिष्ठा त्यांच्यावरच उभी राहिली. रंगाची जाडी मोजणारे यंत्र आज प्रत्येकाच्या खिशात असते, परंतु ते वाचता येणारे थोडे असतात. कारखान्यातला मूळ रंग साधारण १०० ते १५० मायक्रॉन भरतो. आकडा त्याच्या दुपटीवर गेला की रंग पुन्हा मारलेला असतो आणि हजाराच्या पुढे गेला की खाली पुट्टी असते. मात्र साधे चुंबकीय यंत्र फक्त पोलादी पत्र्यावर चालते, अॅल्युमिनियमसाठी वेगळा प्रकार लागतो आणि शेव्हरले कॉर्व्हेटसारख्या फायबरग्लासच्या गाडीवर या दोन्हींचा उपयोग होत नाही, तिथे ध्वनिलहरींचे यंत्रच लागते. हे ठाऊक नसलेल्या माणसाने दिलेला ‘रंग मूळचा आहे’ हा दाखला कागदाच्या किमतीचाही नसतो.

भागीदारांचे सर्वांत आवडते हत्यार म्हणजे लीक-डाउन टेस्टर. पिस्टन वरच्या टोकाला आणून सिलिंडरमध्ये दाबाची हवा सोडायची आणि ती कुठून निसटते ते ऐकायचे. एग्झॉस्टच्या नळीतून आवाज आला तर एग्झॉस्ट व्हॉल्व्ह, हवा आत घेणाऱ्या बाजूने आला तर इनटेक व्हॉल्व्ह, तेल भरण्याच्या तोंडातून आला तर पिस्टनच्या रिंगा, आणि पाण्याने थंड होणाऱ्या गाडीत रेडिएटरमध्ये बुडबुडे दिसले तर हेड गॅस्केट. नुसत्या कॉम्प्रेशनच्या आकड्यावर समाधान मानणाऱ्या तपासनीसांवर आमच्या भागीदारांचा कधीच विश्वास बसला नाही, आणि माझाही नाही. फेरारी टेस्टारोसा किंवा ३४८ घेणाऱ्याने ही चाचणी आणि टायमिंग बेल्ट बदलल्याची पावती या दोन्ही गोष्टी पाहिल्याशिवाय पैसे मोजू नयेत. या गाड्यांचे बेल्ट बदलायला इंजिन खाली उतरवावे लागते आणि ते काम विक्रेत्याने पुढे ढकललेले असेल तर त्याचा खर्च तुमच्या माथी येतो.

त्या पडत्या काळात आम्हाला एक ग्राहक मिळाले आणि ते आजतागायत आमचे आहेत. त्यांच्याकडे एकच गाडी आहे, पोर्शे ९११ कॅरेरा ३.२, आणि तीही १९८७ पासून बसवलेल्या जी५० या नव्या गिअरबॉक्सची. ती त्यांनी घेतली तेव्हा हवेने थंड होणाऱ्या ९११ ला कोणी फारसे विचारत नव्हते. गाडी विकायची नसतानाही ते दरवर्षी मूल्यांकन करून घेत आणि शुल्क न चुकता देत. त्यांच्या फायलीत तेल बदलल्याच्या पावतीपासून खिडकीच्या रबरापर्यंत प्रत्येक खर्च तारखेसह लावलेला आहे, जुने टायर काढले तर त्यांच्या बाजूवरचा आठवडा आणि वर्ष दाखवणारा आकडासुद्धा टिपून ठेवलेला आहे. १९९८ मध्ये ९९३ या मॉडेलबरोबर हवेने थंड होणारी ९११ बंद झाली, पुढे या गाड्यांचे भाव चढत गेले, आणि एकाच वर्षाच्या, एकाच रंगाच्या दोन गाड्यांपैकी अशी फाइल असलेली गाडी दुसरीपेक्षा किती पुढे जाते, हे आम्ही त्यांच्या गाडीवरून शेकडो जणांना दाखवले. ज्यांच्याकडे आज पंधरा-वीस वर्षांची गाडी आहे, त्यांनी पावत्या फेकू नयेत, इतके मी आग्रहाने सांगतो.

मधली बरीच वर्षे नीट गेली. गाड्या आल्या, विकल्या गेल्या, पगार वेळेवर झाले.

आता ज्या विषयासाठी हे लिहायला घेतले तिकडे येतो. आमच्या पेढीत पहिल्या दिवसापासून एक वही आहे आणि तिच्यात फक्त प्रत्यक्ष विकल्या गेलेल्या गाड्यांची किंमत लिहिली जाते. जाहिरातीत मागितलेली किंमत तिच्यात येत नाही, लिलावात राखीव किमतीपर्यंत न पोहोचलेली बोलीही येत नाही. लिलावाचा आकडा लिहितानाही हातोडा पडला ती रक्कम आणि खरेदीदाराचे अधिशुल्क वेगळे लिहिले जाते. २०१८ च्या ऑगस्टमध्ये कॅलिफोर्नियातील माँटेरे येथे १९६२ ची फेरारी २५० जीटीओ ४ कोटी ८४ लाख डॉलरना गेली असे सगळीकडे छापून आले, परंतु हातोडा ४ कोटी ४० लाखांवर पडला होता, वरचे ४४ लाख लिलावगृहाचे. हा फरक न कळणारा विक्रेता स्वतःच्या गाडीचा हिशेब पहिल्याच पायरीवर चुकवतो. आणि असल्या आकड्यांवरून बाजार चढला असे म्हणणेही अयोग्य आहे. २५० जीटीओ ३६ बनल्या; २०२२ मध्ये १३.५ कोटी युरोंना विकली गेलेली मर्सिडीज ३०० एसएलआर उलेनहाउट कूपे तर मुळात दोनच बनल्या. त्यांचा भाव ऐकून आपल्या दारातल्या गाडीचा भाव वाढवणारे मालक आमच्याकडे नेमाने येतात आणि नाराज होऊन जातात.

२०१४ च्या सुमारास बाजार ऐन भरात असताना आमच्याच क्षेत्रात एक नवी पेढी आली. तिचे नाव मी येथे घेणार नाही. जाणकारांना ते ठाऊक आहे. तिची कार्यपद्धती साधी होती. जाहिरातींतल्या मागितलेल्या किमती गोळा करायच्या, त्यांची सरासरी काढून तिला ‘बाजारभाव’ म्हणायचे आणि मालकाला आमच्यापेक्षा भरघोस आकडा सांगून गाडी आपल्याकडे वळवायची. गाडी त्या आकड्याला विकली जात नसे, सहा महिन्यांनी मालकाला खाली उतरवले जाई आणि अखेर ती आमच्या अंदाजाच्या आसपास किंवा त्याहूनही कमी किमतीला जाई. पण तोपर्यंत मालक आमच्याकडून गेलेला असे.

तरीही आम्ही तग धरला असता. आम्हाला खाली आणले ते एका १९६७ च्या कॉर्व्हेटने. गाडीचा मालक तिला मूळ ४२७ घनइंची इंजिनाची, ‘मॅचिंग नंबर्स’ (इंजिनावरचे क्रमांक गाडीशी जुळणारी) गाडी म्हणून विकायला आमच्याकडे घेऊन आला होता. या गाड्यांत उजव्या सिलिंडर हेडच्या पुढे ब्लॉकवर एक सपाट पट्टी असते. तिच्यावर इंजिन कारखान्याची खूण, जुळणीची तारीख आणि इंजिनाचा प्रकार ठोकलेला असतो, शेजारी चासी क्रमांकाचा शेवटचा भाग असतो. कारखान्यात त्या पट्टीवर यंत्राने तासल्याच्या बारीक समांतर रेघा राहतात. माझ्या भागीदारांनी आरसा आणि टॉर्च घेऊन पाहिले, तेव्हा रेघा नव्हत्या. पॉलिश कागदाने घासल्याच्या आडव्यातिडव्या खुणा होत्या आणि त्यांच्यावर आकडे ठोकलेले होते. मग त्यांनी ब्लॉकवरची ओतकामाची तारीख पाहिली. आधी ब्लॉक ओतला जातो, मग इंजिन जुळते, मग गाडी तयार होते, हा क्रम उलटा होऊ शकत नाही. येथे ओतकामाची तारीख गाडीवरच्या दुसऱ्या पट्टीवर नोंदलेल्या बांधणीच्या तारखेनंतरची होती. म्हणजे गाडी तयार झाली तेव्हा हा ब्लॉक जगात अस्तित्वातच नव्हता. आम्ही छायाचित्रांसह तसा अहवाल दिला आणि बदललेल्या इंजिनाच्या गाडीला जी किंमत योग्य, ती लिहिली.

मालकाने अहवाल टेबलावर ठेवला आणि गाडी त्या नव्या पेढीकडे नेली. तिथे ती ‘मूळ इंजिन’ म्हणून जाहिरातीत लागली आणि विकलीही गेली. याहून वाईट म्हणजे, आम्ही मुद्दाम भाव पाडून सांगतो, स्वस्तात गाड्या स्वतः घेऊन मागच्या दाराने विकतो, अशी कुजबुज सुरू झाली. आमच्याकडे विक्रीसाठी उभ्या असलेल्या गाड्या एकामागून एक निघून गेल्या. जी वित्तसंस्था आम्हाला खेळते भांडवल देत होती, तिनेही आमचे मूल्यांकन इतरांपेक्षा कमी येते हे कारण पुढे करून मर्यादा आखडली. ज्या सावधपणाचे आधी कौतुक झाले, तोच आता दोष ठरला. आम्ही प्रदर्शनाची जागा सोडली, माणसे कमी केली, भागीदारांनी स्वतःचे लेथ यंत्र विकले. त्या यंत्रावर त्यांनी हाताने बनवलेले भाग आजही काही गाड्यांत चालत आहेत.

त्या काळात ते पोर्शेचे मालक आमच्याकडे आले आणि पुढच्या काही वर्षांच्या मूल्यांकनाचे शुल्क आगाऊ ठेवून गेले. रक्कम मोठी नव्हती. परंतु त्यांनी आपली फाइल आणि आमचे जुने अहवाल त्यांच्या ओळखीच्या इतर मालकांना दाखवले, वर्षागणिक आमचा अंदाज आणि प्रत्यक्ष विक्रीचा भाव शेजारी शेजारी ठेवून दाखवले, आणि आम्हाला पुन्हा काम मिळू लागले ते त्यांच्या या खटपटीमुळे.

पुढे त्या कॉर्व्हेटचा नवा मालक विम्यासाठी मूल्यांकन करायला आमच्याकडेच आला. आम्ही त्याच गाडीचा तोच अहवाल पुन्हा दिला. त्याला त्याचे पैसे परत मिळाले, मात्र वाच्यता न करण्याच्या अटीवर, त्यामुळे आमच्यावर केलेला आरोप कोणी जाहीरपणे मागे घेतला नाही. आज त्या पेढीच्या अहवालात ओतकामाच्या तारखेचा रकाना आहे, पट्टीचे छायाचित्र आहे, मांडणीसुद्धा आमचीच आहे. माझ्या भागीदारांनी यावर कधी एक शब्द काढला नाही. मला मात्र ते आजही सलते आणि ते लपवण्याचे कारण मला दिसत नाही.

त्यानंतरच्या घडामोडींनी आमची वही खरी ठरवली. २०१६ ची पोर्शे ९११ आर फक्त ९९१ बनली आणि मॅन्युअल गिअरबॉक्समुळे तिच्यासाठी मूळ किमतीच्या कित्येक पट रक्कम मागितली जाऊ लागली. पुढच्याच वर्षी जीटी३ मॅन्युअल गिअरबॉक्ससह आणि मोठा मागचा पंख नसलेल्या टूरिंग रूपातही मिळू लागली, तेव्हा तो फुगवटा झपाट्याने उतरला. मर्यादित आवृत्ती म्हणून जे विकले जाते ते टिकते का, हे निर्माता पुढे काय बनवतो त्यावर ठरते, त्यामुळे नव्या गाडीवर लगेच अधिमूल्य मोजू नये. उलट लेक्सस एलएफए नवी असताना संथपणे विकली गेली, ५०० वर थांबली, आणि तिच्यासारखे व्ही-१० इंजिन पुन्हा आले नाही म्हणून आज तिला मूळ किमतीपेक्षा कितीतरी अधिक भाव मिळतो.

सध्याची मागणी कुठे वळते आहे हे पाहायचे असेल तर खरेदीदाराचे वय पाहावे. जी गाडी त्याने शाळकरी वयात भिंतीवर लावली, तीच तो पुढे घेतो. म्हणून दुसऱ्या महायुद्धापूर्वीच्या गाड्यांचे ग्राहक घटत आहेत आणि नव्वदच्या दशकातल्या जपानी गाड्यांना जोर आहे. त्यात अमेरिकेचा २५ वर्षांचा आयात नियम (गाडीला २५ वर्षे झाली की तिथल्या सुरक्षा मानकांची अट सुटते) भर घालतो : १९८९ ची निसान स्कायलाइन जीटी-आर २०१४ पासून तिथे नेता येऊ लागली, तिचीच नंतरची पिढी, १९९९ ची आर३४, २०२४ पासून, आणि दोन्ही वेळा भाव नियम लागू होण्याच्या आधीच चढले होते. तारीख उगवल्यावर खरेदीला धावणारा उशिरा पोहोचतो.

२०२१-२२ च्या तेजीनंतर बाजार थंडावला आहे आणि त्या काळात केलेले मूल्यांकन आज अनेक गाड्यांना लागू पडत नाही, काहींच्या बाबतीत ते जास्त आहे, तर कागदपत्रे पूर्ण असलेल्या मॅन्युअल गाड्यांच्या बाबतीत कमी. आमचे शुल्क गाडीच्या किमतीवर अवलंबून नसते, ते कामाच्या तासांवर ठरते, आणि भागीदारांच्या आग्रहाने पहिल्या वर्षापासून ते तसेच आहे. जुना अहवाल घेऊन विमा उतरवायला निघालेल्या मालकाने आधी नवा अहवाल करून घ्यावा. आमच्याकडून नको असेल तर दुसऱ्या कोणाकडून घ्यावा, पण आकडा वाढला की ज्याचे उत्पन्न वाढते अशा माणसाकडून घेऊ नये.