व्हाइम्सचे बूट आणि सत्तर रुपयांचा पास

बुधवार, रात्र

सॅम व्हाइम्स आज दिवसभर डोक्यातून जात नाहीये. टेरी प्रॅचेटच्या १९९३ च्या 'मेन ॲट आर्म्स' कादंबरीतला, आंख-मॉरपॉर्क या कल्पित शहरातल्या पहारेकऱ्यांचा कप्तान. पगार महिना ३८ डॉलर. चांगले बूट ५० डॉलरना मिळतात आणि दहा वर्षं टिकतात. तो घेतो १० डॉलरचे. एक-दोन मोसमांत आतला पुठ्ठा भिजून जातो. दहा वर्षांत गरिबाचे शंभर डॉलर खर्च होतात आणि पाय ओले ते ओलेच.

झिजलेल्या तळव्यांमुळे व्हाइम्सला धुक्यातही पायाखालच्या दगडांवरून गल्ली ओळखता येते. हे वाचताना मला दर वेळी गलबलून येतं.

आज पोळ्यांच्या मावशींना विचारलं, "रोज बसचा सत्तरचा पास काढता, महिन्याचा का नाही काढत?"

"अहो ताई, एकदम पंधराशे कुठनं आणू? एक तारखेला खोलीचं भाडं जातं, पोराच्या क्लासची फी जाते. सत्तर रोजचे निघतात कसेतरी."

जून २०२५ मध्ये पीएमपीची, म्हणजे पुण्याच्या शहर बसची, भाडेवाढ झाली तेव्हापासून दिवसाचा पास ७० रुपयांना आणि महिन्याचा १,५०० ला आहे. मावशी २६ दिवस कामाला येतात, म्हणजे १,८२०. वरचे ३२० रुपये त्या केवळ पहिल्या तारखेला हातात एकरकमी पैसे नसतात म्हणून भरतात. त्यांचा भाचा गावाहून आलाय, चौघांत खोली करून राहतो. पत्त्याचा पुरावा नाही, म्हणून पाच किलोचा छोटा सिलिंडर बाजारभावाने घेतो. आमच्याकडे १४.२ किलोचा घरगुती दराने येतो. किलोमागे जास्त पैसे तो मोजतो, आम्ही नाही.

व्हाइम्सला कळून चुकलेलं असतं की श्रीमंतांचा खर्चच कमी होतो. त्याच्या होणाऱ्या श्रीमंत बायकोच्या, लेडी सिबिलच्या, घरातल्या वस्तू पिढ्यान्‌पिढ्या टिकलेल्या. आमच्या घरातलं सागवानी कपाट आजोबांच्या आजोबांचं, पितळी पातेली पणजीची, कल्हई केली की पुन्हा नवी. यातलं काहीच मी कमावलेलं नाही. मावशींचं प्लायवुडचं कपाट मागच्या पावसाळ्यात फुगलं, आता दुसरं हप्त्यावर घेतलंय.

तरी हा हिशेब सगळीकडे लागू पडत नाही. शाम्पूची पुडी बऱ्याचदा बाटलीपेक्षा स्वस्त पडते, कारण कंपनीला ते गिऱ्हाईक हवं असतं. म्हणजे थोडं थोडं घेणाऱ्याला महागच पडावं, असा काही निसर्गनियम नाही. दर माणसंच ठरवतात. गरिबांना पैसे जपून वापरता येत नाहीत, असं सोसायटीत कुणी म्हटलं की म्हणूनच मला संताप येतो. पै-पैचा हिशेब मावशींइतका आमच्या इमारतीत कुणाला तोंडपाठ असेल?

लंडनमध्ये कार्डाने प्रवास केला की दिवसाच्या आणि आठवड्याच्या भाड्याला कमाल मर्यादा आहे. ती गाठली की पुढे पैसे कापत नाहीत. पीएमपीला हे का जमू नये? दिवसाचे पास एकाच मोबाइल नंबरवर मोजायचे. बाविसाव्या पासाला मावशींचे १,५०० भरून होतात, मग महिन्याचे उरलेले दिवस फुकट. उद्या हे सविस्तर लिहून पीएमपीला पाठवते. आणि मावशींना पुढच्या महिन्यापासून पगारातले पंधराशे एक तारखेलाच आगाऊ हवेत का, ते सकाळी विचारते.