तुम्ही विचारलंत म्हणून: जंताचं औषध डुप्लिकेट आहे का?

कुडाळ-सावंतवाडीकडच्या वाड्यांवर शेळ्या तपासायला गेलो की प्रश्न ठरलेला: “डॉक्टरांनू, जंताचा औषध डुप्लिकेट येता काय? पाजून गुण नाय.” पाठोपाठ तक्रार, की मे महिन्यात सगळ्या कळपाला पाजू का देत नाही.

औषध अस्सल असलं तरी जंत मरत नाहीत, हे कुणाला पटत नाही.

एका श्रावणात एका काकींची कोकण कन्याळ शेळी गेली. जबड्याखाली पाणी उतरलेलं, खालची पापणी आतून पांढरीफटक. आदल्याच आठवड्यात फेनबेंडाझोल हे जंताचं औषध माझ्यासमोर पाजलेलं, तेही वजन करून, शेळीला मेंढीपेक्षा जास्त लागतं त्या हिशेबाने. चौथं पोट उघडलं. आत इंचभर लांबीचे, सुतासारखे हिमोंकस, म्हणजे रक्त पिणारे जंत, वळवळत होते. जंतांचं रक्ताने भरलेलं लाल आतडं आणि त्याला पीळ घातलेली पांढरी अंडनलिका नुसत्या डोळ्यांनी दिसत होती. काकी वाकून बघत राहिल्या. “औषध पाजलंय मां? मगे ह्ये जिते कशे?” तेव्हा बीटा-ट्यूब्युलिन हा शब्द तोंडातून काढवेना. आज सांगतो.

हे औषध जंताच्या बीटा-ट्यूब्युलिन नावाच्या प्रथिनाला चिकटून त्याला मारतं. त्या प्रथिनातल्या 200व्या जागी फेनिलअॅलनिन या घटकाऐवजी टायरोसिन आलं, म्हणजे जनुकातलं एक अक्षर बदललं, की औषध नीट चिकटत नाही. बहुतेक वेळा आई आणि बाप दोघांकडूनही बदललेली प्रत मिळालेला जंतच पूर्ण डोसातून वाचतो. एकच प्रत बदललेला पूर्ण डोसाने मरतो, अर्ध्यामुर्ध्या डोसाने मात्र तगतो. अंदाजपंचे पाजू नका म्हणतो ते यासाठी. यात नवीन काही नाही: फेनबेंडाझोलच्याच गटातलं थायाबेंडाझोल 1961 साली आलं आणि 1964 सालीच त्याला न जुमानणाऱ्या हिमोंकसची नोंद झाली.

आता मे महिना. सडा, म्हणजे कातळावरचं माळरान, करपलेला, गवतावर अळ्या जवळजवळ नाहीत. जे जंत आहेत ते शेळ्यांच्या पोटात. तेव्हा सगळ्यांना पाजलं की उरतात फक्त औषधाला पुरून उरलेले. एक मादी दिवसाला 5,000 ते 10,000 अंडी घालते, आणि पहिल्या पावसाला सगळं रान त्यांच्याच पिल्लावळीने भरतं. म्हणून पापणी बघून फिकट तेवढ्यांनाच पाजा म्हणतो. धडधाकट शेळीतल्या साध्या, औषधाने मरणाऱ्या जंतांशी त्यांचा संकर होत राहिला, तर औषध आणखी काही वर्षं चालेल.

पूर्वी मीच पावसाआधी एकही शेळी सुटता कामा नये म्हणायचो, आणि तो पूर्वीचा मी अजून भांडतो: ज्या घरात चारच शेळ्या आहेत तिथे एकीच्या पोटात जंत मुद्दाम ठेवायला कोणत्या तोंडाने सांगतोस? त्याला देण्याजोगं उत्तर मला सापडलेलं नाही. तरी सल्ला बदलत नाही, कारण दुकानात औषधांचे गट मोजकेच आहेत.

दुकानदाराशी भांडण्याआधी लेंड्या आणून द्या, औषधाच्या दिवशीच्या आणि 14 दिवसांनंतरच्या. अंडी 95 टक्क्यांनी घटली नसतील, तर दुसऱ्या गटातलं औषध निवडू.