चेंबर नंबर चार

चिंचोली एमआयडीसीतलं एक कोल्ड स्टोरेज मी सांभाळतो. डाळिंब, बेदाणा, चिंच, आणि चार नंबरच्या चेंबरमध्ये उणे अठराला मटार नि आइस्क्रीम. सोलापूरच्या उन्हात तुमची मजा आहे, असं लोक म्हणतात. मजा कसली! मे महिन्यात दिवसातून वीस वेळा त्रेचाळीसमधून उणे अठरात शिरायचं आणि परत बाहेर यायचं. गुडघे कुरकुरतात.

जुलैच्या सुरुवातीला चार नंबर तीन दिवस रिकामं होतं. तेवढ्यात अण्णांचा फोन आला. अण्णा आमच्या गल्लीतले, नौदलात विमानांच्या इलेक्ट्रिकल कामावर होते, आता एका इंजिनिअरिंग कॉलेजात लॅब बघतात. २००६ साली कोचीला नौदलाची ड्रोनची पहिली स्क्वाड्रन उभी राहिली, हेरॉन आणि सर्चरची, तेव्हा ते तिथंच होते.

“कॉलेजची चार पोरं येतील, ड्रोन असेल. बर्फाळ समुद्रावर गस्त घालायची तर ड्रोनचं थंडीत काय होतं, ते बघायचंय त्यांना. तुझं चेंबर एक दिवस दे.”

“अण्णा, सोलापुरात ना समुद्र, ना बर्फ. हा प्रोजेक्ट सुचला कुणाला?”

“बर्फ तुझ्याकडं आहे की.”

पोरं आदल्या संध्याकाळीच आली. ड्रोन आणि एक बॅटरी रात्रभर आत ठेवून गेली. सकाळी जर्किन, कानटोप्या घालून आम्ही आत शिरलो. ड्रोन भिंतीवर आपटू नये म्हणून चारी बाजूंनी सुतळीनं बांधला होता. दोरखंडाला बांधलेल्या खोंडासारखा दिसत होता. चालू केल्याबरोबर त्यानं पहिली तक्रार केली ती कंपासची. भिंतीला पत्रा, रॅक लोखंडाचे. उत्तर कुठं ते त्याला कळेना. पोरं हिरमुसली. अण्णा खूश. “ध्रुवाजवळ हेच होतं. चुंबकीय सुई तिथं आडवी राहायचं सोडून जमिनीत घुसायला बघते. आणि उपग्रहावर किती विसंबायचं? विषुववृत्तावर टांगलेला संपर्काचा उपग्रह उत्तरेला जावं तसा क्षितिजाकडं झुकतो, ८१ अंश अक्षांशाच्या पुढं दिसतच नाही.” कॅनडानं २०२३च्या डिसेंबरात आर्क्टिकवर नजर ठेवायला एमक्यू-९बी जातीचे ११ मोठे ड्रोन घ्यायचं ठरवलं, त्यांच्यापुढं हीच कटकट आहे, असंही म्हणाले. एमक्यू-९बी म्हणजे आपल्या नौदलानं २०२० साली भाड्यानं आणून अरक्कोणमला ठेवलेला, तोच. २०२४च्या ऑक्टोबरात आपण ३१चा करार केला, त्यातले १५ नौदलाचे. हे आकडे अण्णांना तोंडपाठ. मला आमच्या मटारची पोती तोंडपाठ असतात तसे.

मग उड्डाण. बाहेरच्या हवेत सतरा मिनिटं तरंगणारा तो ड्रोन रात्रभर गारठलेल्या बॅटरीवर चौथ्या मिनिटाला बीप-बीप करत खाली बसला. एका पोरानं बॅटरी काढली आणि तिथंच चार्जरला लावायला निघाला. अण्णांनी वायर अशी हिसकली की तो दचकला. गोठलेल्या लिथियम बॅटरीतून वीज काढली तर ती कमी देते, एवढंच. पण शून्याखाली तिच्यात वीज भरली की आत लिथियमचा मुलामा चढतो आणि बॅटरी कायमची नासते, कधी पेटतेही. दुसरी बॅटरी पोरांनी बाहेर ऊबेत ठेवली होती. मी ऑफिसातून टॉवेल आणला, आपला सोलापुरीच, जाडजूड. त्यात गुंडाळून आत आणली आणि उडायच्या क्षणी जोडली. तेरा मिनिटं. उडताना ती आपलीच आपल्याला ऊब देते, फक्त सुरुवात गरम हवी. पोरांनी टाळ्या वाजवल्या. अण्णांनी लगेच पाणी ओतलं: “मोठ्या ड्रोनला इंजिन असतं. त्याचं दुखणं बॅटरीत नाही, पंखावर.”

ते दुखणं बघायला मिळालं ते केवळ चुकीमुळं. दुपारी हमालांनी बाहेरून दार उघडलं, एअर कर्टन, म्हणजे बाहेरची हवा अडवणारा दारावरचा वाऱ्याचा झोत, बंद होता. जुलैची ओली हवा आत घुसली आणि चेंबर धुक्यानं भरलं. ड्रोन हवेतच होता. दोन-तीन मिनिटांत त्याचा आवाज बदलला. आधी शिट्टी होती, आता घुरघुर. मग सगळं अंगच थरथरायला लागलं. उतरवून बघितलं तर पंख्याच्या पात्याच्या पुढच्या कडेला पांढरी, खरखरीत रेघ, खडीसाखरेचा चुरा चिकटवल्यासारखी. अण्णांनी नखानं खरवडून मला दाखवली. जाडी कागदाएवढीसुद्धा नसेल. पण पात्याची धार बिघडली की हवा त्याला उचलत नाही.

हे बघून मला हसू आलं, कारण हे माझं रोजचं आहे. आमच्या कूलिंग कॉइलवर बर्फ चढतो तो थंडीनं नाही, दारातून आलेल्या ओलीनं. दार बंद राहिलं तर उणे अठरा असूनही कॉइल स्वच्छ. दार उघडं राहिलं की दिवसातून तीनदा गरम गॅस सोडून बर्फ पाडावा लागतो. मी हे सांगितलं तर अण्णा म्हणाले, “हेच तर. उणे चाळीसच्या कोरड्या हवेत पंखावर बसायला पाणीच नसतं. वाईट पट्टा शून्य ते उणे वीसचा. ढगात पाणी शून्याखाली जाऊनही पाणीच राहतं, आणि पंखाला टेकलं की गोठतं.” समुद्रावर गस्त घालणाऱ्याला तर हे चुकवताही येत नाही. खाली जहाज कुठलं ते बघायला ढग फोडून उतरावंच लागतं. अमेरिकी नौदलाचा ट्रायटन ड्रोन पन्नास हजार फुटांवरून बघतो, तरी त्याच्या पंखांना बर्फ काढायची सोय दिली आहे ती यासाठीच.

चार वाजले. पोरांना पाचची एसटी गाठायची होती. ड्रोन उचलून ते थेट लोडिंगच्या फलाटावर निघाले. फलाटावर अक्का बसल्या होत्या. बावीस वर्षं खोकी मोजतात. “पोरांनो, पिशवीत घाला आधी, बांधा, मग न्या बाहेर,” त्या म्हणाल्या. कुणी ऐकलं नाही. खरं सांगायचं तर मीसुद्धा बोललो नाही, अण्णांशी गप्पा मारत होतो. मिनिटभरात त्या गार यंत्रावर घाम फुटला. थेंब जमून सर्किटवरून ओघळायला लागले. आणि एकानं डेटा बघायला म्हणून स्विच दाबला.

चट्. जळका वास. उणे अठरात रात्रभर टिकलेला ड्रोन फलाटावर गेला.

“आइस्क्रीमचं खोकं पण आम्ही असं उघडत नाही,” अक्का म्हणाल्या आणि पुन्हा मोजायला लागल्या.

मेमरी कार्ड वाचलं. मोटरचा कंट्रोलर मात्र बदलावा लागला. पुढच्या आठवड्यात पोरं परत आली. मी गेटवर उभा असून मला ओलांडून विचारलं, “अक्का आहेत का?” त्या दिवशी त्या रजेवर होत्या. पिशव्यांचा गठ्ठा मीच काढून दिला.